सहाव्या पिंपाबद्दल हरकत

शाहूपुरी, कोल्हापूर
४ जानेवारी २०२५

चि. आदिती,

जय जिनेंद्र. या खेपेला आशीर्वाद पाकिटात घातलेले नाहीत. माझ्याकडे शिल्लक आहेत, मागितलेस तर देईन.

फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस, म्हणून टपालानं लिहिते. कागदाला मध्येच बोलता येत नाही. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर दहा वर्षं जैन बस्तीत बायकांचा स्वाध्याय घेते आहे. माझं बोलणं संपेपर्यंत ऐकून घ्यायची लोकांना सवय आहे. लहान होतीस तोवर तुलाही होती.

बातमी मला पेपरात वाचायला मिळाली. शिरोली एमआयडीसीत बंद पडलेल्या फाउंड्रीची शेड, तिच्यात लाकडाची आठ पिंपं, पिंपांत दीड वर्ष मुरवलेली आंबट बिअर, आणि फोटोत पिंपाला टेकून हसणारी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. एवढंही मी गिळलं असतं. पण खाली त्या बिअरचं नाव छापलं होतं, ‘चलित’.

ज्या अन्नाचा वास पालटला, चव पालटली ते चलित, आणि चलित ते अभक्ष्य. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यापुढचं आपल्या घरात मळलं जात नाही. हे तुला कुणी शिकवलं? डोळे मिटायला सांगून तुझ्या तळहातावर मी चिमूटभर पीठ ठेवायची आणि तू हुंगून दिवस सांगायचीस. पाच दिवसांचं पीठ कुठलं आणि सहा दिवसांचं कुठलं, हे आख्ख्या घराण्यात दोघींनाच कळायचं. ती विद्या मी तुला अन्नातला जीव वाचवायला दिली. तू ती मुद्दाम नासवण्याच्या धंद्याला लावलीस आणि वर नाव आपल्याच ग्रंथातलं घेतलंस. चोर पुष्कळ पाहिले. चोरलेल्या भांड्यावरचं नाव न खोडता ते बाजारात मिरवणारी तू पहिली.

मद्य, मांस, मधु या तिन्हींचा त्याग म्हणजे आपल्याकडे मुळाक्षरं. ती गिरवूनच आपण पुढं जातो. तू पाटीच फोडलीस.

आता कामाचं. त्या शेडमध्ये लोकांना बसवून प्यायला द्यायचा परवाना तू मागितला आहेस. त्याला मी हरकत घेतली आहे. दोनशे बारा बायकांच्या सह्या आहेत, सगळ्या वाचून केलेल्या, कारण मी वाचून दाखवल्याशिवाय कुणाला सही करू दिली नाही. सुनावणी ३ मार्चला आहे. पाठीमागून वार करायला मी शिकले नाही, म्हणून आधी कळवते.

अजूनही तुझी आत्या असलेली,
राजमती


शिरोली एमआयडीसी
११ जानेवारी २०२५

ती. आत्या,

‘तीर्थस्वरूप’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, राहू दे.

तुझं पत्र शेडमध्ये माझ्याबरोबर राबणाऱ्या क्रांतीला वाचून दाखवलं. चोरलेल्या भांड्याच्या वाक्याला तिनं टाळी दिली. “आत्यांचं नरडं अजून तसंच हाय की,” म्हणाली. तुझ्या भाषणाला टाळी पडतेच, हेही तुझं दुखणं आहे. टाळी पडली की तुला वाटतं मुद्दा सिद्ध झाला.

मुद्द्यावर ये. आपल्या घरचा ऊस कुठं जातो? कारखान्यात. तिथली मळी कुठं जाते? शेजारच्या डिस्टिलरीत. त्या मळीची दारू अख्ख्या जिल्ह्यात ओतली जाते, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या घरात बसून तू मला मुळाक्षरं शिकवतेस. माझी आठ पिंपं तुला दिसली. आप्पांचा आठ एकर ऊस दिसला नाही, कारण तो हिरवा असतो आणि वारा आला की छान डुलतो.

नावाबद्दल. चौथीत असताना मी क्रांतीच्या डब्यातलं आंब्याचं लोणचं खाल्लं. चार महिन्यांचं होतं. घरी येऊन सांगितलं, खोटं बोलायचं नाही हेही तूच शिकवलेलं. त्यावर तू मला दोन दिवस स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलंस. आत सगळे जेवत होते. आई मान वर करत नव्हती. मी बाहेर बसून जिभेवरची ती चव आठवत होते, कारण तोवर चाखलेल्या सगळ्या चवींत ती थोर होती. पालटलेली चव म्हणजे मेलेली चव नव्हे, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. नाव तिथून आलं. ग्रंथ तुझा असेल, शिक्षा माझी होती.

आता हरकतीबद्दल. तू न पाहता लिहिलंस. मूळ कागद न पाहता प्रबंध लिहिणाऱ्या पोरांना तू वर्गाबाहेर काढायचीस. मग ये की. बार्ली आहे, थोडा गहू आहे, पन्हाळ्याच्या बाजूची करवंदं आहेत, आणि तुझ्या दह्यात राबतात त्यांच्याच भाऊबंदातले जिवाणू आहेत. आठही पिंपं उघडून दाखवते. पिऊ नकोस, हुंग. आणि लिहायचंच असेल तर पिंपागणिक लिही, नंबर घालून. मोघम ‘दुर्गंधी’ लिहिलीस तर सुनावणीत माझा पहिला प्रश्न असेल, कुठल्या पिंपाची? तुझ्या दोनशे बारा सह्यांपैकी एकीलाही उत्तर देता येणार नाही.

नाही आलीस तर मी समजेन की नाक म्हातारं झालं.

आदिती


शाहूपुरी
२१ जानेवारी २०२५

आदिती,

रविवारी आले, पाहिलं, हुंगलं. आता वाच.

आधी तुझ्या मळीचा मुद्दा. तो खरा आहे. तुझं पत्र मी तुझ्या आप्पांपुढं, बाहुबलीपुढं ठेवलं आणि विचारलं, काय उत्तर देतोस? तो म्हणाला, “ऊस रानात हाय तवर आपला. काट्यावर चढला की कारखान्याचा.” हे पळपुट्याचं उत्तर आहे असं मी माझ्या भावाला त्याच्याच सोप्यात बसून सांगितलं. बस्तीतल्या रविवारच्या सभेतही सांगितलं. निम्म्या बायकांच्या घरी ऊस आहे. चौदा जणींनी सह्या मागं घेतल्या. आता एकशे अठ्ठ्याण्णव उरल्या. तू मला ढोंगी म्हणालीस, मी मुद्दा मान्य केला आणि किंमत मोजली. पण घरात एक आग लागली म्हणून दुसरी लावायची मोकळीक मिळते, हा न्याय तुला कुठल्या पुस्तकात सापडला? आणि दह्याचं म्हणशील तर मी दही चोवीस तासांच्या आत संपवते. दीड वर्ष लाकडात कोंडून त्याच्यापुढं फोटो काढून घेत नाही.

लोणच्याबद्दल एवढंच. दोन दिवस जास्त झाले. एक पुरला असता.

आता तुझी शेड. क्रांतीनं दारातच “पावणं यायचं म्हणून फरशी धुतलीया, पाय सांभाळा” म्हणून हात दिला. पोरगी दांडगी आहे, तुझ्यापेक्षा मोकळी. पिंपाच्या तोंडाला ठोकलेला खिळा ती पकडीनं उपटते, सुतासारखी धार ग्लासात घेते आणि खिळा परत बसवते. ही युक्ती मला आवडली हे लपवत नाही. प्रत्येक ग्लास माझ्यापुढं धरून ती म्हणायची, “भारी हाय की आत्या.” ज्याच्या वासानं मला भिंत धरावी लागली त्यालाही भारीच म्हणाली.

तू मात्र लांब उभी राहिलीस, वही घेऊन. एक ग्लासही नाकाला लावला नाहीस. लाज वाटत असावी.

तू नंबर मागितलेस. घे नंबर. हेच हरकतीला परिशिष्ट म्हणून जोडते आहे.

पिंप एक. उन्हात विसरलेल्या ताकाच्या मडक्याचा वास. आंबट, पण स्वच्छ. नासलेलंच, तरी सरळपणानं नासलेलं.

पिंप दोन. सिरका. नाकात सुई घालावी तसा, आणि त्याच्यावर नखांचा रंग काढायच्या औषधाचा दर्प. हे माणसापुढं ठेवणाऱ्याला तुरुंगात टाकावं.

पिंप तीन. घोडा. घामेजलेल्या पाठीवरून खोगीर उतरवताना येतो तो वास, खाली वाळल्या गवताची गंजी. जनावर निरोगी आहे, पण जनावर आहे.

पिंप चार. सुताराच्या दुकानात बसून कुणी कच्ची चिंच खाल्ली तर भुश्याला जसा वास येईल तसा.

पिंप पाच. तान्ह्या पोरानं ओकलेलं दूध आणि खवट लोणी. भिंत धरली ती इथं.

पिंप सात. लिंबाची साल, आणि तिच्यामागं मध. म्हणजे मद्याबरोबर मधुही आणलास. मांसाचं काय ते तेवढं बघ.

पिंप आठ. भिजलेला पाट. यात अजून पापही धड उतरलेलं नाही.

माझं नाक म्हातारं झालं की नाही ते आता ठरव.

तू दिलेला चहा मी तसाच ठेवला. तू तुझा कप तळापर्यंत संपवलास. का ठेवला ते तुला कळलंच असेल.

राजमती


शिरोली
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

आलीस, बरं वाटलं. लिहिलंस त्याबद्दल तक्रार नाही. एवढ्या नीटस शिव्या मला आजवर कुणी दिल्या नव्हत्या.

एक राहिलं. परिशिष्टात पिंप सहा नाही. पाचावरून तू एकदम सातावर गेली आहेस. पिंपं आठ आणि नोंदी सात, असा कागद सुनावणीत टिकणार नाही हे तुला मी सांगायला नको. तेव्हा सहाव्याचा मजकूर लिहून पाठव. दोन ओळी पुरेत. कसला वास होता एवढंच. घाई आहे.

चहाबद्दल वाईट वाटलं. भांडण बिअरशी आहे असं समजत होते. माझ्या हातच्या चहालाही विटाळ झाला हे माहीत नव्हतं.

आदिती


शाहूपुरी
३ फेब्रुवारी २०२५

आदिती,

चहातलं दूध नासलं होतं.

दिसायला फाटलेलं नव्हतं, पण आदल्या दिवशीचं होतं. कप ओठांपासून वीतभर लांब असतानाच मला कळलं. मला वाटलं, तू मुद्दाम दिलास, माझी परीक्षा घ्यायला. म्हणून तसाच ठेवला. मग तू तुझा उचललास आणि बोलत बोलत सगळा प्यायलीस. तोंड वाकडं झालं नाही. नऊ वर्षांची असताना तू असल्या दुधाच्या पातेल्यापाशी थांबत नव्हतीस.

घरी येऊन मी कोडं सोडवत बसले. वही घेऊन लांब उभी राहिलेली तू. पिंपागणिक लिही, नंबर घालून लिही, हा तुझा हट्ट. नंतरचं ते गोगलगायीसारखं पत्र, “कसला वास होता एवढंच.” परवा बाहुबली आला आणि सहज बोलून गेला, “पोरीनं दोन पिंपं गटारीला वतून दिली म्हणं. दीड वर्साचं काम.” मी विचारलं, कुठली? त्याला नंबर ठाऊक होते. दुसरं आणि पाचवं.

तुला वास येत नाही. कधीपासून येत नाही ते माहीत नाही, पण येत नाही. आणि तू मला तुझं नाक म्हणून वापरलंस.

आता ऐक, कारण हे मी भाषणासाठी बोलत नाही. आपल्याकडे पापाचे वाटेकरी तीन. करणारा, करवणारा आणि मान डोलावणारा. या तिन्हींपासून लांब राहायला मी सत्तर वर्षं घालवली. तू मला एका रविवारी दुसऱ्या पायरीवर आणून बसवलंस. माझ्या शिव्या वाचून तू काय टाकायचं आणि काय विकायचं ते ठरवलंस. जी बिअर आता बाटलीत जाईल ती मी निवडलेली असेल. शत्रूनं वार केला तर सोसता येतो. तू माझ्या हातात तुझी तलवार दिलीस आणि मला कळू दिलं नाहीस.

सहाव्याबद्दल एक अक्षर मिळणार नाही. आणि ३ मार्चला सगळ्यांसमोर मी एकच प्रश्न विचारेन: जिला नासलेल्या दुधाचा वास येत नाही, ती लोकांच्या तोंडात काय घालते आहे, हे तिला तरी ठाऊक आहे का?

राजमती


शिरोली
८ फेब्रुवारी २०२५

आत्या,

विचार. नक्की विचार. उत्तर ‘नाही’ असं आहे.

ऑक्टोबरात ताप आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी शेड उघडली तर आठ पिंपं जागच्या जागी होती आणि शेडला वास नव्हता. मला वाटलं कुणीतरी आत काही फवारलं. मग हाताला करवंदाचा गर लावून हुंगला, हिंगाची डबी उघडून हुंगली, शेवटी ॲसिडची बाटली उघडली. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही कळलं नाही. डॉक्टर म्हणतात येईल, किंवा येणार नाही. हल्ली फोडणीत हिंग पडला की नाही हे मी आवाजावरून ओळखते.

कुणाला सांगितलं नाही. क्रांतीला सांगितलं, तिच्यापासून लपत नाही. ती म्हणाली, “मी हाय की, मी बघतो.” तिला सगळंच भारी लागतं, ते तू पाहिलंस. बाहेरचा कुणी चाखायला आणला तर दुसऱ्या दिवशी गावभर होणार की बिअर करणारीलाच नाक नाही. मग उरली तू. जगात माझ्यापेक्षा चांगलं नाक एकच आहे आणि ते माझा द्वेष करतं. द्वेषाचा एक उपयोग असतो, तो खोटं कौतुक करत नाही. म्हणून तुला डिवचलं. होय, वापरलं. पुन्हा गरज पडली तर पुन्हा वापरेन. उंबऱ्याबाहेर बसवलंस तेव्हा तूही मला वापरलंच होतंस, बाकीच्या पोरांना धडा द्यायला.

तुझ्या कागदावरून दुसरं आणि पाचवं ओतलं. आठवं अजून मुरायला ठेवलं. एक, तीन, चार आणि सात चांगली आहेत. तू घोडा म्हणालीस ना, या धंद्यातली माणसं नेमक्या त्याच वासासाठी वर्षभर थांबतात.

राहिलं सहावं. सगळ्यात जास्त करवंदं त्याच्यात आहेत. ही पाच मिसळूनच ‘चलित’ होते, आणि या चारांना जोडणारं तेच आहे. ते बिघडलं असेल आणि मी मिसळलं तर बाकीची चारही जातील. चांगलं असेल आणि भीतीनं ओतलं तर ज्या चवीसाठी ‘चलित’ केली तीच गटारीला जाईल. सोमवारी, २४ तारखेला बाटल्या भरायच्या आहेत. त्यापुढं थांबता येत नाही.

क्रांती म्हणते, सहाव्याचा खिळा काढताना तिचा हात घसरला, धार तुझ्या तोंडावर उडाली आणि तू पदर तोंडाला लावून तडक बाहेर गेलीस. परत आलीस ती थेट सातव्यापुढं उभी राहिलीस. रागावली असशील तर तिच्या वतीनं माफी मागते. पण त्या रागापायी एवढा मोठा निकाल दाबून ठेवू नकोस. अर्धा पुरावा देणाऱ्या साक्षीदाराबद्दल तू वर्गात काय बोलायचीस ते मला पाठ आहे, इथं लिहीत नाही.

सुनावणीत माझं नाक काढ, घराणं काढ, काय हवं ते काढ. फक्त सांग. चांगलं की वाईट?

आदिती


शाहूपुरी
१९ फेब्रुवारी २०२५

आदिती,

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. नऊ दिवस उत्तर दिलं नाही, कारण नऊ दिवस मला खोटं बोलायचं होतं.

सोपं होतं. ‘वाईट’ असं तीन अक्षरांचं कार्ड टाकलं असतं तर तू ते पिंप ओतलं असतंस, माझा विजय झाला असता आणि वर जीवहिंसा टळली असं मी स्वतःला पटवलं असतं. दोनदा लिहिलं. दोनदा फाडलं. मग बस्तीत आर्यिका माताजींकडं गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरीला सांगितलंस?” मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “मग इथं कशाला आलीस?”

म्हणून सांगते.

धार तोंडावर उडाली हे क्रांतीनं बरोबर पाहिलं. तिच्यावर मी रागावले नाही. पदर तोंडाला लावला तो बाहेर गेल्यावर. आधी जे झालं ते तिला दिसलं नाही, कारण ती खिळा बसवत होती. एक थेंब वरच्या ओठावर होता. हात पदराकडं निघालाही होता. त्याच्या आत जीभ पुढं झाली. सत्तर वर्षं या जिभेला मी एकच काम दिलं, काही समोर आलं की चाख आणि पालटलंय का सांग. तिनं तिचं काम केलं. माझा हुकूम यायच्या आत केलं.

आधी करवंद. झाडावरच पिकून दुपारच्या उन्हानं तापलेलं करवंद, चीक जिभेला किंचित चिकटतो तसं. मग आंबट, पण ते आंबट जिभेच्या मधोमध बसलं नाही, दोन्ही कडांनी मागं सरकत गेलं. मग लाकूड. जुन्या देवळाच्या दाराची कडी उघडताना हाताला लागतं तसं कोरडं, थंड लाकूड. शेवटी थोडं कडवट, मेथीच्या भाजीच्या देठाइतकं. आणि मग सगळं एकदम निघून गेलं. तोंड आधीपेक्षा स्वच्छ झालं. त्याच्यात पालटलेलं काही नव्हतं. ज्या वस्तूला जे व्हायचं होतं ते ती झाली होती.

मी हे लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं आहे. हेही लिहिते, नाहीतर पुन्हा अर्धी साक्ष होईल.

बाहेर मी गेले ती थुंकायला. थुंकले नाही. दारापाशी उभी राहून तोंड मिटून घेतलं, चव जाईल म्हणून. परत आत आले आणि सातव्या पिंपापुढं जाऊन शिव्या शोधू लागले. सात पिंपांबद्दल एवढ्या चुरचुरीत शिव्या सुचल्या त्या याच्यामुळं. सहाव्याचं दडवायला बाकीच्यांवर आवाज चढवला. मी लोकांना असं बोलताना पुष्कळ पाहिलं आहे, आणि त्यांना भोंदू म्हटलं आहे.

प्रायश्चित्त घेतलं. वर्षभर आंबट रस बंद. चिंच नाही, लिंबू नाही, ताक नाही, आमसूल नाही. जिभेनं गुन्हा केला, तिलाच शिक्षा.

तुला उत्तर मिळालं. त्याच्याशी काय करायचं ते तू बघ. मी चव सांगितली, सल्ला दिलेला नाही, देणारही नाही. तुझ्या नाकाचा विषय सुनावणीत काढणार नाही. तो आजार आहे, माझ्या हरकतीशी त्याचा संबंध नाही. मागच्या पत्रात धमकी दिली ती हलकी होती, मागं घेते.

हरकत मागं घेत नाही.

३ मार्चला मी येणार. एकशे अठ्ठ्याण्णव बायका मागं बसतील आणि त्यांच्यासमोर मी उभी राहून सांगणार की राजमतीनं त्या शेडमध्ये मद्याचा थेंब चाखला आणि तो तिला आवडला. त्यांच्यातल्या किती उठून जातील ते बघू. स्वाध्यायाची गादी माझ्याकडं राहील असं मला वाटत नाही. तुझा वकील हसेल. हसू दे.

त्यानंतर मी जे बोलणार ते तुला आत्ताच सांगते, तयारी करून ये. गटारीचा वास मारणाऱ्या दारूला विरोध करायला माझी गरज नव्हती. तिला कुणीही नाक मुरडून दूर सारेल. माझं परिशिष्ट फाडून टाकावं असं मी स्वतःच सांगणार आहे, त्या सात नोंदी म्हणजे रिकामी बडबड होती. माझी हरकत फक्त सहाव्या पिंपाला आहे. सत्तर वर्षं बंद ठेवलेलं तोंड एका थेंबानं उघडलं आणि अजून एक थेंब मागत राहिलं, आज महिना झाला तरी मागतंय. माझं असं झालं. मग जो कधी तोंड बंद ठेवायला शिकलाच नाही, त्याचं काय होईल? एवढं चांगलं केलं आहेस, म्हणून ते बंद व्हायला हवं.

उत्तर असेल तर घेऊन ये.

राजमती